लिस्बनमध्ये दोन दिवस, फक्त दोघं

आपल्या भागातली पन्नाशी-साठीची जोडपी हल्ली परदेशी जातात ती बहुतेक मुलांकडे. सुनेचं बाळंतपण, नातवाच्या पाळणाघराची सोय होईपर्यंतची मदत, नाहीतर मुलाने धरलेला आग्रह. तीन महिने राहतात, नेलेल्या लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करतात आणि परत आल्यावर ‘काय पाहिलंत?’ म्हटलं की मुलाचं घर, मॉल आणि समोरची बाग. नवरा-बायकोने फक्त दोघांनीच कुठे जायचं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. लग्नानंतर चार दिवस महाबळेश्वर झालेलं असतं. (आमचं तेही नाही, नरसोबाची वाडी आणि कोल्हापूर!) त्यानंतरचं सगळं फिरणं सासूबाई, दीर-जावा, मुलं आणि डब्यातल्या दशम्यांसह.

तिकडे मात्र शुक्रवारी संध्याकाळी एक छोटी बॅग घेऊन नवरा-बायको विमानात बसतात, शनिवार-रविवार एखाद्या शहरात काढतात आणि सोमवारी कामावर हजर. तरुणच नव्हे, सत्तरीतलीसुद्धा. जूनमध्ये आम्ही जर्मनीत मुलाकडे होतो, तेव्हा त्याने आम्हालाही असंच पाठवायचं ठरवलं. ‘आई, पॅरिस की व्हेनिस?’ मी म्हटलं, लिस्बन.

ह्यांचा चेहरा उतरला. माझं कारण साधं होतं. बेळगावकरांना पणजी म्हणजे हाकेच्या अंतरावर. फोंतेन्याशमधली ती रंगीत घरं, दारावरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर लिहिलेली नावं बघत मी लहानाची मोठी झाले. हे सगळं आलं कुठून, ते मला बघायचं होतं. ह्यांचं कारण वेगळं. त्यांचे थोरले काका १९५५ च्या गोवा सत्याग्रहात कॅसलरॉकच्या बाजूने गेले होते आणि मार खाऊन परतले होते. एवढं मला ठाऊक होतं; घरात त्यापलीकडे कुणी बोलत नसे. ‘त्या लोकांच्या गावात मजा करायला जायचं?’ एवढंच हे म्हणाले. पण तिकिटं निघाली होती.

जाणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट आधी सांगून टाकते. जर्मनी आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेन देशांत आहेत, त्यामुळे मुलाकडे जायला काढलेल्या व्हिसावरच हा फेरफटका होतो. मुलगा लंडनला असेल तर मात्र ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही, शेंगेनचा वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. फ्रँकफर्टहून विमानाने तीन तास. विमानतळ शहराला इतका लागून की मेट्रोने थेट गावात.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलेलं आहे असं म्हणतात. माझ्या गुडघ्यांनी त्या सातही मोजल्या. फूटपाथ चुनखडीच्या लहान लहान पांढऱ्या-काळ्या दगडांचे, त्यात लाटांची नक्षी, आणि शतकानुशतकं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. वरून चार थेंब पडले की घसरगुंडी. रबरी तळाचे बूट न्या; साडीचा हट्ट धरू नका. पण या फूटपाथांचा एक उपकारही आहे. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी रस्त्यात माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. इथे धरावाच लागला. आणि गंमत म्हणजे सपाट रस्ता आल्यावरही सोडायचं विसरले.

पिवळी जुनी २८ नंबरची ट्राम सगळे सांगतात. ती आल्फामाच्या गल्ल्यांतून भिंतींना घासल्यासारखी जाते, ते बघण्यासारखं आहे. पण दुपारी चेंगराचेंगरी आणि पाकीटमार. सकाळी लवकर बसलात तरच मजा. चढावर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी ग्लोरियाची गाडी ३ सप्टेंबर २०२५ रोजी दोर तुटून उलटली आणि सोळा माणसं गेली. तेव्हा अशा गाड्यांचं आधी विचारून घ्या. चालवत असेल तर चालत जाणं उत्तम.

पहिल्या दिवशी आमचं थोडं वाजलंच. ह्यांनी मुलाकडून यादी करून घेतली होती: किल्ला, चर्च, संग्रहालय, मनोरा, वेळेसकट. मला बसायचं होतं. या गावात बसण्यासाठी जागा आहेत, त्यांना मिरादोरु म्हणतात. टेकडीच्या टोकाला कठडा, चार बाक, एखादं कॉफीचं दुकान आणि खाली लाल कौलं, त्यापलीकडे ताहो नदी. नदी कसली, समुद्राला मिळायच्या बेतातली खाडीच. सांता लुझियाच्या मिरादोरुवर बोगनवेल आणि निळ्या फरश्या आहेत. तिथे मी बसले ते उठलेच नाही. ‘अगं, किल्ला बंद होईल.’ ‘होऊ दे.’ दहा मिनिटं येरझाऱ्या घालून शेवटी हेही बसले. यादी खिशात गेली ती परत जर्मनीतच निघाली.

बसल्यावर बोलणं निघालं, आणि तेही कसं बघा. कॉफीवाल्या बाईने पाव आणून ठेवला आणि ‘पांव’ म्हणाली. हे चमकले. मग आमचा खेळच सुरू झाला. बटाट्याला बटाटाच. अननसाला अननसच. किल्लीला ‘शाव्ह’, तीच आपली चावी. लिलावाला ‘लेइलांव’. नाताळ नाताळच. घमेल्याचं, बादलीचं, पगाराचं मूळही इथलंच. हापूस हे नावसुद्धा आफोंसो या पोर्तुगीज नावावरून आलं. मराठीचे निवृत्त मास्तर ते. त्यांची कळी खुलली. संध्याकाळपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत हिंडत होते. बेकरीच्या काचेत ‘शामुसा’ दिसला. आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर इकडे आला. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. बहुतेक खिमा असतो. आणि हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यावं, कुणी रागावत नाही.

शनिवारी दुपारी बेलेंला गेलो. १५ नंबरची ट्राम जाते. तिथला जेरोनिमोस मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला, आणि त्याच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाचं थडगं आहे. समोरच्या बाजूला कवी कामोंइश, जो काही वर्षं गोव्यातही राहिला होता. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला, आणि पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. शाळेत ज्याचं साल घोकलं त्याच्यासमोर उभं राहून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एवढा लहान?’ खरंच, दगडी मूर्ती अगदी बेतासबात उंचीची आहे. बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या दुकानात १८३७ पासून विकले जाणारे कस्टर्डचे गरम पेस्ट्रीगोळे खाल्ले, वर दालचिनी भुरभुरवून. मधुमेहवाल्यांनी एकात दोघं. आम्ही दोघांनी चार खाल्ले, ही गोष्ट मुलाला सांगितलेली नाही.

रात्री फादो. हे गाणं २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि गोव्यात सोनिया शिरसाट ते गातात म्हणून आपल्याकडेही नाव कानावर आहे. आल्फामातल्या छोट्या खाणावळीत दिवे मंद होतात, काटे-चमचे थांबतात, वाढपी जागच्या जागी उभे राहतात. बारा तारांची पोर्तुगीज गिटार सतारीसारखी झणझणते. बाई डोळे मिटून, शाल घट्ट ओढून गाते. ‘सौदाद’ हा शब्द त्यात सारखा येतो; आपली हुरहूर त्याच्या जवळची. भाषा कळत नव्हती, पण किराणा घराण्याच्या बैठका ऐकत वाढलेल्या माणसाला दाद कुठे द्यायची ते कळतं. ह्यांनी नेमक्या जागी मान हलवली तेव्हा गिटारवाल्याने हसून त्यांच्याकडे बघितलं.

जूनमध्ये गेलात तर आणखी एक बघायला मिळतं. संत आंतोनियो लिस्बनचाच, आणि इथे तो लग्नं जुळवणारा संत. १२ जूनच्या रात्री गल्ल्यागल्ल्यांत पताका आणि सार्डिन भाजल्याचा धूर. गरजू जोडप्यांची लग्नं त्याच दिवशी नगरपालिका थाटात लावून देते. त्या दिवसांत रस्त्यावर मांजेरिको नावाच्या रोपाच्या कुंड्या विकायला येतात. बारीक पानांची ही आपल्या तुळशीची बहीणच. वर कागदी फूल आणि चिठ्ठीवर चार ओळी. प्रियकराने प्रेयसीला द्यायची. रीत अशी की नाक लावून वास घ्यायचा नाही; पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. मी फरशीची चित्रं बघत होते तेवढ्यात हे कुंडी घेऊन आले. मास्तरांच्या पेन्शनमधून त्यांनी न विचारता माझ्यासाठी आणलेली ही पहिली वस्तू, लग्नातली साडी सोडली तर. ‘तुळस आहे म्हणून घेतली,’ म्हणाले.

रविवारी समुद्र बघायला कास्काइसला निघालो. काइश दु सोद्रे स्टेशनवरून गाडी सुटते आणि चाळीसेक मिनिटं पाण्याच्या कडेकडेने जाते. जोडप्यांनी ही फेरी चुकवू नये. खिडकीत बसावं आणि काही बोलू नये, असा हा रस्ता. मधे एक स्टेशन आलं, काशियास. ह्यांनी पाटी वाचली आणि ताठ बसले. ‘मोहन रानडे इथे होते.’

मग मी विचारलं आणि ते सांगत गेले. सांगलीचा तरुण, गोव्यात मराठी शिकवायला गेलेला, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडला गेला. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, रानडे नाही झाले. सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जंग जंग पछाडलं आणि १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. २०१९ मध्ये पुण्यात वारले. काशियासमध्ये पोर्तुगालच्या हुकूमशाहीने स्वतःची माणसंही कोंडली होती. १९७४ च्या एप्रिलमध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली, लिस्बनच्या लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं खोचली, तेव्हा तो तुरुंगही रिकामा झाला. त्यानंतरच भारताशी त्यांचे संबंध पुन्हा जुळले. पुढे मडगावशी नातं असलेला आंतोनियो कोस्ता याच लिस्बनचा महापौर झाला आणि २०१५ ते २०२४ देशाचा पंतप्रधान.

‘काका रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे,’ हे म्हणाले, ‘रानडे सुटल्याची बातमी येईल म्हणून. मी त्यांच्या मांडीवर. मला वाटायचं, रानडे आमच्या घरातलेच कुणीतरी.’

चौतीस वर्षं मी त्या घरात आहे. काकांचं दुखणं, त्यांची औषधं, त्यांचे शेवटचे दिवस मी केले. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि खरं तर विचारायला आम्हाला दोघांना एका बाकावर वेळच कधी मिळाला नव्हता.

कास्काइस सुंदर आहे. पूर्वी कोळ्यांचं गाव, मग १८७० नंतर राजाने उन्हाळ्यात यायला सुरुवात केली आणि बंगले उठले. आम्ही आइस्क्रीम खाल्लं, पाय पाण्यात बुडवले. पाणी जूनमध्येही बर्फासारखं गार. सूर्य नऊपर्यंत मावळत नाही, पण आमचं विमान रात्रीचं होतं म्हणून लवकर फिरलो. परतीच्या गाडीत समुद्राकडची जागा रिकामी होती, तरी हे गावाकडच्या खिडकीशी बसले. मांजेरिकोची कुंडी मांडीवर घेऊन मी शेजारी. काकांच्या गोष्टीचा उरलेला भाग त्यांनी विमानात सांगितला.