परसातील अनामिक अंजीर कसे ओळखावे?

आपल्यापैकी अनेकांच्या परसात अंजिराचे एखादे झाड असते. कोणी त्याची फांदी आजोळाहून आणलेली असते, कोणी शेजाऱ्यांकडून. झाड वाढते, फळतेही. परंतु त्याची जात कोणती, हे सांगणारे माणूस तोवर राहिलेले नसते. अशा झाडाची ओळख कशी पटवावी, याचा येथे विचार करू.

वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही एकाच कुळातील झाडे. ज्याला आपण फळ म्हणतो तो वस्तुतः मिटलेला फुलोरा असतो. फुले त्याच्या आतच राहतात. म्हणूनच उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. अंजिराच्या फांदीपासून केलेले रोप मूळ झाडासारखेच निपजते. बीपासून उगवलेले रोप मात्र आईहून वेगळे असते आणि त्याला प्रसिद्ध जातीचे नाव लावता येत नाही. म्हणून रोप कोठून आले, ते फांदीचे की बियांचे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारून लिहून ठेवावे.

त्यानंतर निरीक्षण. एकाच झाडावर निरनिराळ्या आकाराची पाने असतात. यासाठी फांदीच्या मधली, पूर्ण वाढलेली आठ-दहा पाने पाहावीत. पानावरील पिवळसर चट्टे विषाणुरोगाचे असू शकतात. ते जातीचे लक्षण मानू नये. फळाचा आकार, मान, देठाची लांबी, सालीचा व गराचा रंग आणि तळाचा ‘डोळा’ उघडा की मिटलेला, याची नोंद करावी. खट्टा बहाराची फळे कमी गोड, तर मीठा बहाराची अधिक गोड असतात. म्हणून एका हंगामावरून निर्णय करू नये.

फळे पिकण्याआधीच गळत असतील तर झाड तोडण्याची घाई नको. कोवळ्या वयात किंवा पाण्याचा ताण पडल्यासही फळे गळतात. स्मिर्ना गटातील अंजिरांना मात्र एका विशिष्ट सूक्ष्म माशीकडून परागीकरण व्हावे लागते. ते न झाल्यास फळे गळून पडतात. पुरंदर तालुक्यात पिकणाऱ्या पुणे अंजिराला अशा परागीकरणाची गरज नसते.

शेवटी तुलना. पुणे अंजीर घंटेच्या आकाराचे, पातळ सालीचे, फिकट जांभळ्या छटेचे व लालसर गराचे असते. एकमेकींच्या जवळच्या जातींत फरक करणे मात्र कठीण जाते. अमेरिकेतील अभ्यासक आयरा काँडिट यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सहाशेहून अधिक जातींची नोंद आहे आणि एकाच जातीला ठिकठिकाणी वेगवेगळी नावे आहेत. डीएनए तपासणीही ज्ञात नमुन्याशी तुलना करूनच नाव सांगू शकते.

खात्री होईपर्यंत झाडाला उसने नाव देऊ नये. चुकीच्या नावाने वाटलेली एक फांदी दहा घरांत तोच गैरसमज रुजवते. त्याऐवजी गावाचे नाव व लागवडीचे वर्ष लिहिलेली पाटी लावावी. सुट्टीत घरी आलेल्या मुलांकडे नोंदवही सोपवावी. दोन-तीन बहारांच्या नोंदी झाल्या म्हणजे कृषी विद्यापीठातील जाणकारांना विचारताना आपल्या हाती भक्कम आधार असेल, आणि नाव मिळाले नाही तरी झाडाचा इतिहास पुढील पिढीच्या हाती सुरक्षित राहील.