डेटाबेस निवडताना : कुठली चूक परवडेल?

प्रोजेक्ट सुरू झालं की आपला पहिला प्रश्न असतो, "डेटाबेस कुठला घ्यायचा?" खरं तर त्याआधी विचारायला हवं, की आपल्याला कुठली चूक परवडेल?

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. अशा डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शनची सोय असते. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर वजाबाकीही रद्द होते. अर्धवट काहीच राहत नाही.

ॲमेझॉनची अडचण वेगळी होती. सर्व्हर बंद पडला तरी ग्राहकाला कार्टमध्ये वस्तू टाकता आलीच पाहिजे! म्हणून त्यांनी डायनॅमो बनवलं. २००७ साली त्यावर पेपर आला. त्यात एकाच कार्टच्या दोन प्रती झाल्या, तर त्या नंतर एकत्र केल्या जात. टाकलेली वस्तू हरवत नसे, पण काढून टाकलेली कधीकधी परत दिसे.

कार्टमध्ये हे चालतं. बँकेच्या खात्यात चालेल का? म्हणून टेबल्स काढण्याआधी कागदावर लिहा, कुठला डेटा क्षणभरही चुकलेला चालणार नाही आणि कुठला थोडा उशिरा जुळला तरी चालेल. कोड उद्याही बदलता येतो, साठलेला डेटा हलवताना मात्र घाम फुटतो!