डहाणू-तलासरीची पाणथळ भूमी आणि चराईचे ज्ञान

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत वसलेल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत जमिनीची प्रत पाण्यावरून ठरते. उतारावरील वरकस माळ, सखल भागातील बांधबंदिस्त भातखाचरे आणि भरतीचे पाणी चढणारी खाडीकाठची खाजणे हे तिचे प्रमुख प्रकार होत. १९७१ च्या रामसर करारान्वये झालेल्या वर्गीकरणात भातशेती आणि हंगामी पाण्याखाली जाणारी चराऊ कुरणे मानवनिर्मित पाणथळ जागांत मोडतात. भारताच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र भातखाचरे व्याख्येतून वगळली आहेत. परिणामी येथील वारली शेतकऱ्याची खाचरे संवर्धनाच्या चर्चेत क्वचितच येतात आणि त्यांच्याशी निगडित गुराख्याचे ज्ञानही बाहेरच राहते.

हे ज्ञान मुख्यतः वेळेचे आहे. आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, सुरू होताच गुरे खाचरांपासून दूर, माळावर व रानाच्या कडेला नेली जातात. कोणत्या उताराचा निचरा लवकर होतो, कोठे चिखलात खूर रुतून जनावर लंगडते, कोणत्या ओहोळाला अचानक लोंढा येतो, हे गुराखी मुलाला थोरांबरोबर हिंडताना कळत जाते. कापणीनंतर खाचरे सर्वांच्या गुरांना खुली होतात. धसकटे चरली जातात, शेण जागेवरच पडते आणि पुढील हंगामासाठी जमिनीला खत मिळते. उन्हाळ्यात चराई ओहोळ व तळ्यांच्या ओलसर काठांवर सरकते. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या वाघबारशीला गुरांच्या रक्षणासाठी वाघदेवाची पूजा होते. रान आणि गोठा यांचे नाते किती जुने आहे, याची साक्ष या पूजेत मिळते.

चरणाऱ्या जनावराचे पाणथळ जागेतील कार्य तिहेरी असते. ते उंच वाढणारे गवत खाली ठेवते, त्यामुळे उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना मोकळी जागा मिळते. त्याच्या पावलांनी उठलेले कीटक गायबगळ्यांना सहज सापडतात. शेणावर भुंगेऱ्यांसह अनेक जीव पोसले जातात. प्रमाण ओलांडल्यास हीच गुरे काठ तुडवून माती सैल करतात व पाणी गढूळ करतात, हेही तितकेच खरे.

या समतोलाचा धडा राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानाने दिला. १९८२ मध्ये तेथे चराई बंद करण्यात आली. त्यातून उद्भवलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थांचे बळी गेले. पुढे म्हशी ज्या पाणगवतावर जगत, ते पासपालम बेसुमार माजले आणि मोकळे पाणी आक्रसले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने बंदीचे हे अपाय नोंदवले. गुराख्यांना आधी विचारले असते तर इतकी किंमत मोजावी लागली नसती, असे माझे मत आहे.

डहाणूच्या माळांवरील गवताला स्वतंत्र आर्थिक इतिहास आहे. ते कापून वखारींत साठवले जाई व मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई. ही कापणी वारली मजुरांच्या कष्टावर चाले. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्यात पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी ही ठळक मागणी होती. ज्या कुरणातले गवत विकायचे, तेथे कापणीपर्यंत राखण असे व गुरांना मज्जाव असे. माळ पुन्हा वाढू देण्याची रीत म्हणूनही या राखणीकडे पाहता येते.

खाजणांचा प्रश्न वेगळा आहे. तिवराचा पाला गुरे आवडीने खातात, परंतु कोवळी रोपे खुडली व तुडवली गेल्यास कांदळवन पुन्हा उभे राहत नाही. म्हणून खाडीकाठच्या नव्या लागवडीभोवती, रोपे गुरांच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत, कुरणासारखीच राखण ठेवणे आवश्यक आहे. तिची मुदत व हद्द ठरवताना त्या काठावर गुरे चारणाऱ्यांना बरोबर घ्यावे. चुकार गुरे कोणत्या वाटेने खाजणात शिरतात, हे त्यांनाच ठाऊक असते.