मागच्या बाकावरचं प्रशिक्षण

सकाळचे साडेनऊ. तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषदेची मोठी शाळा, आज इथे शिक्षकांचं प्रशिक्षण. फाटकातून आत शिरलं की लिंबाखाली मोटारसायकली एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. सीटवर रुमाल टाकलेले, दुपारी चटका बसू नये म्हणून. एप्रिल आहे, आणि मराठवाड्यातलं ऊन एवढ्या सकाळीच मानेवर बसतं. येणारा प्रत्येक जण आधी सावली शोधतो, मग हजेरीचं टेबल.

टेबल व्हरांड्यात आहे. त्याच्यापुढे दोन रांगा, एक शिक्षिकांची, एक शिक्षकांची. तशा लावा असं कुणी सांगितलेलं नाही. हजेरीपत्रकात नाव, शाळा, युडायस क्रमांक, शालार्थ आयडी, मोबाईल, सही. युडायस 11 आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा 27 ने सुरू होतो. तो कुणीच बघून लिहीत नाही. आकडे पेन न थांबता कागदावर उतरतात. वर्षभर इतक्या तक्त्यांत, इतक्या पोर्टलांवर भरून झालेला असतो.

सही झाली की फोन काढायचा. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, नोंदणी करायची, ओटीपीची वाट बघायची. रांग इथे अडते. शाळेच्या भिंती दगडी, जाड. आत रेंज नाही. एकेक जण फोन उंच धरून अंगणात उतरतो.

"आला का, सर?"

"पहिला आला. आता दुसरा मागतंय."

पन्नाशी ओलांडलेले एक गुरुजी चष्मा कपाळावर सरकवतात आणि फोन शेजारच्या तरुण शिक्षिकेपुढे धरतात. ती फोन हातात घेत नाही. "तुम्हीच दाबा, गुरुजी. मी सांगते." गुरुजींचं बोट जड आहे, एका अक्षराच्या जागी दुसरं उमटतं. ती थांबते. पुन्हा सांगते. मागच्या रांगेतून कुणी घाई करत नाही. नोंदणी होते, पडद्यावर हिरवी खूण येते. मग ती स्वतःची नोंदणी करायला घेते.

दाराशी आणखी एक टेबल आहे. त्यावर पावतीपुस्तक आणि नव्या डायऱ्यांचा गठ्ठा. शिक्षक संघटनेची वार्षिक वर्गणी इथेच गोळा होते, कारण एवढे शिक्षक एका जागी एरवी भेटत नाहीत. बरेच जण थांबतात, पैसे देतात, पावती घडी करून खिशात ठेवतात. काही जण "जेवणाच्या सुट्टीत बघतो" म्हणून आत जातात.

आत म्हणजे दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून केलेला हॉल. बाक सातवीच्या मुलांच्या मापाचे. मोठ्या माणसांचे गुडघे त्यात मावत नाहीत, म्हणून सगळे जरा तिरके बसतात. प्रोजेक्टरवरचं दिसावं म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आहेत. उजेड अडला, त्याबरोबर वाराही अडला. डोक्यावर चार पंखे. पहिल्या बाकापासून भिंतीतल्या प्लगपर्यंत एकाला एक जोडलेले दोन एक्स्टेंशन बोर्ड, पायात येऊ नयेत म्हणून वर वीट ठेवलेली.

पडद्यावर निळा उजेड आणि मधोमध 'नो सिग्नल'. लॅपटॉप नवा, त्याला एचडीएमआय. प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीए. सुलभक सर वायर काढतात, फुंकर मारतात, परत लावतात. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज येतो, "कन्व्हर्टर आहे माझ्याकडे." एक शिक्षक पिशवीचा कप्पा उघडतो. त्यात कन्व्हर्टर, दोन पेनड्राइव्ह, टेस्टर, चिकटपट्टीचं रीळ. शाळेतला टीव्ही बिघडला तर गावात बघणारा कुणी नसतो, म्हणून हा सगळा संसार तो जवळ बाळगतो.

सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, गुलाबपुष्पं दिली जातात, प्रास्ताविक होतं. मग पहिली स्लाइड. मोठ्या ठळक अक्षरांत एकच आकडा: 50 तास. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अपेक्षा आहे की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान एवढे तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. हॉलमध्ये पेनं चालतात. आकडा वहीत उतरतो.

"आजचे किती धरतील?" माझ्या बाकावरचे सर हळूच विचारतात.

"सहा," पुढून उत्तर येतं.

मागच्या बाकांवर चर्चेत असलेले आकडे वेगळे आहेत. 12 आणि 24. बारा वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवडश्रेणी, आणि दोन्हींसाठी ठरवून दिलेलं प्रशिक्षण पूर्ण झालेलं असावं लागतं. एका मॅडमचं तेरावं वर्ष चालू आहे. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात प्रमाणपत्रं तारखेप्रमाणे लावलेली. पानं उलटताना 'निष्ठा' या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची बरीच दिसतात. ऑगस्ट 2019 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशभरातल्या सुमारे 42 लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरलं होतं. वर्ष उलटायच्या आत शाळांना कुलपं लागली आणि तोच कार्यक्रम 2020 मध्ये 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर आला. प्राथमिकच्या शिक्षकांसाठी 18 अभ्यासक्रम. व्हिडिओ बघायचा, वाचायचं, शेवटी चाचणी द्यायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. जेवणं आटोपली, मुलं झोपली की या मॅडम बसायच्या.

"कंटाळवाणं होतं का?" मी विचारते.

त्या मान हलवतात. "नाही हो. काही काही फार चांगलं होतं. पण एखादी गोष्ट आपल्या वर्गात कशी बसवायची, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. व्हिडिओला काय विचारणार?"

साडेअकराला लाईट जाते. पंखे मंदावत थांबतात. हॉलमध्ये क्षणभर काहीच हलत नाही, मग सतरंज्या बाजूला होतात, डोळे मिटावेत इतका उजेड आत येतो आणि सगळे व्हरांड्यात. चहाची किटली फिरते. कागदी कप दोन बोटांत धरवत नाही इतका गरम.

मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. दर चार पावलांवर एक घोळका.

पहिल्या घोळक्यात एक अडलेला टीव्ही आहे. टीव्ही अर्थात गावात, शाळेत आहे. इथे त्याची गोष्ट आहे. लोकवर्गणीतून घेतला, गावकऱ्यांनी नारळ फोडला आणि पेनड्राइव्ह लावला तर काहीच दिसेना. सर चिंतेत आहेत, कारण पैसे देणारे दारावरून जाताना विचारतात. टेस्टरवाले शिक्षक ऐकून घेतात. "पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असेल. काही टीव्हींना ते वाचता येत नाही. आधी आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करा, मग फॅट 32 मध्ये फॉरमॅट मारा. एवढंच बघा, एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी त्यात बसत नाही. कवितेला काय, पन्नास एमबी पुरतात." सर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतात. 'फॅट 32' खाली दोन रेघा ओढतात.

पुढच्या घोळक्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा. मुलं घरी कोड स्कॅन करतात का? फोन असतो कुणाकडे? वडील शेतावर घेऊन जातात. एक मॅडम सांगतात, त्या घरून व्हिडिओ आधीच डाउनलोड करून आणतात, वर्गात नेट नसलं तरी अडत नाही. मग बोलणं सोलापूर जिल्ह्याकडे वळतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात या पुस्तकांतल्या कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पुरस्कार 10 लाख डॉलरचा. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या 9 शिक्षकांत वाटून टाकली. इथे सांगणारा प्रत्येक जण हे वाटणं आवर्जून सांगतो, रक्कम एखादेवेळी विसरतो.

सगळ्यात मोठी गर्दी व्हरांड्याच्या शेवटी. नोंदणीच्या वेळची ती तरुण शिक्षिका मध्ये आहे. तिच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर काळ्या ठोकळ्यांची एक वेगळी नक्षी, कोपऱ्यात क्रमांक. चारही कडांना ए, बी, सी, डी. अक्षरं अगदी बारीक, शेजारच्या मुलाला वाचता येऊ नयेत इतकी.

"याला प्लिकर्स म्हणतात. मुलांकडे फोन लागत नाही. फक्त माझ्याकडे."

ती पाच-सहा जणांना एकेक कार्ड देते. गुरुजींनाही. मग फळ्यावर लिहावा तसा मोठ्यानं प्रश्न सांगते: तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश? पर्याय ए आणि बी. ज्याचं उत्तर ए, त्यानं ए ची कड वर करून कार्ड छातीशी धरायचं. "बोटं ठोकळ्यांवर नकोत, गुरुजी. कडेला धरा." ती फोनचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवते. पडद्यावर एकेका कार्डाभोवती रंग उमटतो. चार हिरवे, दोन लाल. कुणाचं चुकलं ते फक्त तिला कळतं. बाकीच्यांना फक्त कार्डं दिसतात.

"माझ्या वर्गात दोन मुली कधी हात वर करायच्या नाहीत," ती सांगते. "त्यांना येत नाही असंच मला वाटायचं. कार्डावर त्यांची उत्तरं बरोबर यायला लागली."

कुणीतरी कार्ड उलटसुलट करून बघतं. प्रश्नांचा मारा सुरू होतो. नेट लागतं का? फोनला लागतं. किती मुलं? नेहमीचा संच 40 कार्डांचा, मोठा 63 चा, दोन्ही फुकट छापता येतात. लॅमिनेशन करावं का? "चकचकीत नको. उजेड परततो, कॅमेऱ्याला वाचता येत नाही. पुठ्ठा बरा." पैसे? फुकटच्या खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न, जास्त हवे असतील तर वार्षिक सभासदत्व. "मी घेतलेलं नाही. रोजच्याला मोजके प्रश्न पुरतात."

लाईट येते. आतून पंख्यांचा आवाज. सुलभक सर दारात उभे आहेत, पण हाक मारत नाहीत. ते गर्दीत येतात, एक कार्ड मागून घेतात आणि म्हणतात, "मॅडम, हेच दुपारी पडद्यावर दाखवाल?" मला हा माणूस फार आवडतो.

जेवणाची सुट्टी. वर्गात सतरंजी अंथरली जाते, डबे मध्ये येतात. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कुणाची तरी मटकी. सगळे डबे सगळ्यांचे. एक नवा शिक्षक सकाळची पावती हातात धरून सरळ विचारतो, "सभासद होऊन शिकायला काय मिळतं?"

उत्तरं गोलात फिरतात. संघटना बदल्या, पगार, थकलेली बिलं यांसाठी भांडते. ते लागतंच. पतसंस्था लॅपटॉपला कर्ज देते, हप्ता पगारातून जातो; इथल्या निम्म्या लॅपटॉपांची हीच कथा. मोठ्या कंपन्यांचे शिक्षकांसाठीचे कार्यक्रम आहेत, फुकट आहेत, शेवटी डिजिटल बिल्ला मिळतो, पण बरंचसं इंग्रजीतून आणि आपल्या रात्री. आणि जिल्ह्याचं गणित शिक्षकांचं मंडळ आहे. त्याची वर्गणी सगळ्यांत कमी. वर्षातून एक अधिवेशन, आणि सभासदांची नावं-नंबर असलेली पुस्तिका.

"ती पुस्तिका मी आठवड्यातून एकदा तरी उघडतो," टेस्टरवाले सर म्हणतात. "अडलं की फोन करायचा. नाही म्हणणारा अजून भेटलेला नाही."

नवा शिक्षक पावती खिशात घालतो आणि मंडळाची वर्गणी कुणाकडे द्यायची ते विचारतो.

दुपारी हॉल तापतो. पत्र्याच्या छतातून ऊन खाली येतं, पंख्याचा वारा गरम लागतो. तरीही डुलक्या दिसत नाहीत, कारण पडद्यावर आता कार्डं आहेत आणि साठ माणसं कड वर करून बसली आहेत. तेवढ्यात मागून एक बाई उभ्या राहतात. पदरानं घाम टिपतात.

"माझी शाळा दोनशिक्षकी आहे. तिसरी-चौथी एका खोलीत माझ्याकडे. तिसरीला टीव्ही लावला की चौथीचं लक्ष टीव्हीत. आवाज कमी केला तर तिसरीला ऐकू येत नाही. मी काय करू?"

हॉल शांत होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक बसतात. वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळा अशा, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. निम्मे हात त्याच शाळांमधले आहेत. सुलभक सर स्लाइड मागे-पुढे करत नाहीत. खरं उत्तर त्यात नाही, हे ते जाणून आहेत. "कुणी करून बघितलंय?" ते विचारतात.

दोन हात वर येतात. एक मॅडम सांगतात, त्या व्हिडिओ दोन्ही वर्गांना मिळून दाखवतात, चार मिनिटांचा, जास्त नाही. मग टीव्ही बंद. तिसरीनं बघितलेल्या वस्तूंची चित्रं काढून नावं लिहायची, चौथीनं त्यावर तीन प्रश्न तयार करून तिसरीला विचारायचे. "टीव्हीचा वेळ कमी, मुलांचा जास्त." दुसरे सर म्हणतात, आवाज पूर्ण बंद करून दाखवा; काय चाललंय ते मुलंच बोलतील. बाई दोन्ही लिहून घेतात. लिहिताना मध्येच थांबून विचारतात, "चौथीतल्या ज्याला वाचताच येत नाही, तो प्रश्न कसे करणार?" त्यावर चर्चा पुन्हा पेटते. चहाची वेळ टळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

साडेचारला अभिप्रायाचा क्यूआर कोड पडद्यावर येतो. सगळे फोन वर. उपस्थिती प्रमाणपत्रांचा गठ्ठा शिक्का मारून तयार आहे, रांग पुन्हा लागते, सहा तासांची नोंद होते. तेराव्या वर्षातल्या मॅडम कागद फाइलमध्ये सरकवतात.

दोनशिक्षकी शाळेच्या बाई मात्र रांगेत नाहीत. त्या प्लिकर्सवाल्या शिक्षिकेजवळ उभ्या आहेत. बाजारपेठेतलं झेरॉक्सचं दुकान सहापर्यंत उघडं असतं. शेवटची एसटी सव्वासहाची.

"माझी बावीस मुलं. पंचवीस कार्डं काढते, दोन-तीन तर फाटणारच," बाई म्हणतात. "आणि नंबर द्या तुमचा. खातं उघडताना अडेन मी."

"रात्री साडेनऊनंतर करा, ताई. आधी माझा स्वयंपाक चालू असतो." नंबर सांगता सांगता ती चप्पल पायात सरकवते. "थांबा, मीच येते झेरॉक्सला. तो कागद पातळ घालतो, त्याला जाड मागावा लागतो."