मागचा शॉकअप सांभाळा, माल सांभाळला जाईल

मालेगावहून सटाणा, नामपूर, नांदगावच्या आठवडे बाजाराला जाणारे आपले अनेक व्यापारी बांधव टेम्पोची वाट पाहत बसत नाहीत. साड्यांचे दोन गठ्ठे मोटरसायकलच्या कॅरिअरवर बांधले, मागे एक माणूस बसवला की निघाले. सुतार, प्लंबर, वेल्डर हे कारागीरही आपली हत्यारे घेऊन याच वाहनावर फिरतात. गाडीचे ऑईल, टायर, ब्रेक याकडे आपण लक्ष देतो. पण हे सारे वजन ज्यावर टेकलेले असते त्या मागच्या शॉकअपकडे तो मोडेपर्यंत कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

एका पावसाळ्यात आम्ही नामपूरच्या बाजाराला निघालो होतो. महिनाभर डाव्या शॉकअपमधून तेल झिरपत होते. गाडी मागून फार बसते म्हणून आम्ही दोन्ही स्प्रिंगा शेवटच्या घरात कडक करून ठेवल्या आणि काम भागले असे समजलो. वाटेत चाक खड्ड्यात गेले, गाडी उसळली, ती सावरायच्या आत पुन्हा उसळली आणि हँडल हातचे गेले. २७ साड्या चिखलात वाया गेल्या. मागे बसलेल्या आमच्या कामगाराचे मनगट मोडले, तो दीड महिना घरी बसला. शॉकअपची नवी जोडी घेतली असती तर त्याच्या मानाने काहीच खर्च आला नसता. गाडी पाहून मिस्त्री एवढेच म्हणाला, "चाचा, स्प्रिंग कडक केलीत, पण उसळी आवरणारे तेलच उरले नव्हते."

त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. शॉकअपमध्ये दोन कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते. आतला दट्ट्या आणि तेल स्प्रिंगची उसळी आवरतात. तेलाला दट्ट्याच्या बारीक वाटांतून जावे लागते, म्हणून गाडी हळू बसते आणि हळूच उठते. तेल गेले की नुसती स्प्रिंग उरते आणि गाडी चेंडूसारखी उडते. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

घर कसे बदलावे

आजच्या स्प्लेंडर प्लससारख्या गाडीला स्प्रिंगच्या कॉलरवर पाच घरे असतात. घर बदलल्याने स्प्रिंगची जात बदलत नाही. ती आधीच थोडी जास्त दाबली जाते, म्हणून वजन पडल्यावर गाडी कमी बसते. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, सायलेन्सर थंड होऊ द्यावा आणि हुकासारख्या वाकड्या पान्याने कॉलर फिरवावी. दोन्ही बाजूंना एकच घर हवे. डावीकडे दुसरे आणि उजवीकडे चौथे असले तर वजन दोघांवर सारखे पडत नाही.

कोणते घर योग्य, हे मापाने ठरते. माप घेणे तर आपला रोजचाच धंदा आहे. मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने अंतर मोजावे. मग गाडी जमिनीवर घेऊन, नेहमीचा माल बांधून, आपण वर बसून दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. जो फरक येईल तो चाकाच्या वरखाली होण्याच्या एकूण पल्ल्याच्या पाव ते एक तृतीयांश असावा. पल्ला ९ सेंटिमीटर असेल, तर फरक सव्वादोन ते तीन सेंटिमीटर. जास्त बसत असेल तर एक घर पुढे, कमी बसत असेल तर एक घर मागे.

माल उतरला की घर परत मागे आणावे. रिकामी गाडी कडक ठेवली तर चाक खड्ड्यावरून उडते, ब्रेक नीट लागत नाही आणि कंबर दुखते ती वेगळीच. मालाच्या दिवशी मागच्या टायरची हवाही कंपनीने सांगितल्याप्रमाणे वाढवावी. गाडी मागून बसली की हेडलाईट वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तेही तपासावे. शेवटच्या घरातही गाडी तळाला आपटत असेल, तर दोष स्प्रिंगचा असो वा नसो, आधी वजन कमी करावे. कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा शॉकअप बदलून वाढत नाही.

नवा घेताना

सीट जोरात दाबून सोडावी. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा डोलली तर तेल किंवा दट्ट्या संपला. दांड्यावर ओले तेल दिसले तर सील गेले, आणि ते तेल मागच्या ब्रेकवर गेले तर जिवावरचा प्रसंग. नुसता खटखट आवाज येत असेल तर बहुधा रबरी बुश झिजलेले असतात. तो खर्च थोडा असतो.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावा. दोन्ही कडींमधले अंतर जुन्याइतकेच हवे. लांब शॉकअप लावला की गाडी मागून उंच होते, हँडल चंचल होते, चेनचा ढिलेपणा बदलतो आणि साईड स्टँडवर गाडी जास्त कलते. रोज माल नेणाऱ्याने जाड तारेची स्प्रिंग घ्यावी, पण तिच्या जोराला साजेसे तेलाचे काम आत आहे का, ते विचारावे. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये लांबच्या प्रवासात तेलाला फेस येत नाही, हा खरा फायदा. मात्र बाहेर रंगीत डबी दिसली म्हणजे आत गॅस असतोच असे नाही. साध्या शॉकअपचे सील चांगला कारागीर बदलून देतो. गॅसचा मात्र कापू किंवा तापवू देऊ नये, त्यात दाब असतो.

वाळूजची एन्ड्युरन्स, १९६१ पासूनची गॅब्रिएल अशा कंपन्या शॉकअप आपल्याच राज्यात बनवतात. तेव्हा आपल्या गाडीच्या मॉडेलचा माल पक्क्या बिलावर घेणे कठीण नाही.

कपडा घेताना आपण सूत बोटांनी चोळून पाहतो, नुसत्या चमकेला भुलत नाही. तीच नजर या लोखंडी वस्तूकडेही असावी. बाजाराच्या सकाळी गठ्ठा बांधण्यापूर्वी पाच मिनिटे खाली वाकून दोन्ही शॉकअप पाहावेत. मागे बसणारा माणूस आपल्या भरवशावर बसलेला असतो.