वर्दी आणि पांढरा कोट कायद्यापुढे

26 मार्च 1972 रोजी महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. देशभर संताप उसळला. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालय तसे गृहीत धरते.

2013 मध्ये कायद्याने पोलीस आणि रुग्णालयांच्या जबाबदारीची कक्षा रुंदावली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 नुसार बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आणि दंड होतो. खटल्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पीडितेला मोफत उपचार नाकारल्यास कलम 200 नुसार सरकारी वा खासगी रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पीडितेची अपमानास्पद ‘टू-फिंगर’ चाचणी (योनीत बोटे घालून केलेली तपासणी) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले.

फिर्याद नाकारायला ठाण्याची हद्द हेही कारण चालत नाही. ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे.