कोयनेचे पाणी : पश्चिमेस वीज, पूर्वेस पीक

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. निसर्गाने तिला नेमून दिलेली वाट ही अशी पूर्वेची आहे. परंतु तिच्या खोऱ्यापासून थोड्याच अंतरावर पश्चिमेस कोकणचा उभा कडा आहे. या कड्यावरून पाणी खाली सोडल्यास विपुल वीज निर्माण करता येईल, हे अभियंत्यांनी हेरले आणि कोयनेला दुसरी वाट फुटली. एका वाटेने गेलेले पाणी दुसऱ्या वाटेस मिळत नाही. ऊर्जा, पाणी आणि अन्न या तिहींचा परस्परसंबंध इतक्या उघडपणे अन्यत्र क्वचितच दिसून येईल.

पाटण तालुक्यातील कोयनेच्या धरणाची साठवणक्षमता आज १०५.२५ अब्ज घनफूट, म्हणजे रूढ भाषेत १०५.२५ टीएमसी आहे. १९६२ मध्ये या प्रकल्पातून पहिली वीज मिळाली. पुढे टप्प्याटप्प्याने विस्तार होत गेला. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडण्याचे अवघड काम १९९९ मध्ये पार पडले आणि प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉटवर पोहोचली. त्यांपैकी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची क्षमता अवघी ४० मेगावॉट आहे. पूर्वेकडे सोडलेले पाणी याच वीजगृहातून जाते. उर्वरित सारी क्षमता पश्चिमेची होय. ते पाणी पोफळीच्या बोगद्यांतून कोळकेवाडीस आणि तेथून वाशिष्ठी नदीस जाऊन मिळते. या अवजलातून चिपळूण परिसराची गरज भागते. मात्र त्याचा फार मोठा भाग दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातो.

या दोन वाटांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर पाणी पोफळीकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरले, की त्यापासून एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. तेच पाणी पायथ्यातून पूर्वेकडे सोडले तर वीज नाममात्र मिळते, परंतु ते कृष्णेच्या पात्रातून सांगली जिल्ह्यापर्यंत पोहोचते. तेथील आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे अवर्षणप्रवण तालुके नदीच्या पातळीहून बऱ्याच उंचीवर असल्याने टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांद्वारे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उचलण्यास, पंपांतील घट धरता, एक तृतीयांश युनिटाहून अधिक वीज खर्ची पडते. म्हणजे पूर्वेस पाणी द्यावयाचे तर विजेचे उत्पन्न सोडावे लागते आणि शिवाय वीज खर्चही करावी लागते. तरीही ज्या गावांनी वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहिली, त्यांच्या शिवारात उभे राहिलेले पीक युनिटांत मोजता येत नाही, हेही तितकेच खरे.

कोयनेतून पश्चिमेस किती पाणी वळवावे याला पहिल्या कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ मध्ये मर्यादा घातली. वर्षाकाठी ६७.५ टीएमसी ही ती मर्यादा होय. १ जून रोजी नवे जलवर्ष सुरू होते आणि त्या दिवसापासून वीजनिर्मितीच्या पाण्याचा हिशेब नव्याने मांडला जातो. धरण पूर्ण भरले तर दोन्ही बाजूंची गरज बहुधा भागते. खरी कसोटी लागते ती अपुऱ्या पावसाच्या वर्षी. २०२३ मध्ये धरण पूर्ण भरले नाही. सांगलीकडून सिंचनासाठी पाणी सोडण्याची मागणी वारंवार होत राहिली आणि प्रत्येक विसर्गाबरोबर उन्हाळ्यातील विजेची चिंता वाढत गेली.

अशा वर्षी पाणी कोणत्या तासाला वापरले जाते, यासही महत्त्व येते. जलविद्युत संच अल्पावधीत सुरू करता येतात. त्यामुळे सायंकाळी मागणी एकदम वाढते तेव्हा कोयनेचा खरा उपयोग होतो. याउलट सौर विजेचा भर दुपारी असतो. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दृष्टीने पाहावयास हवी. कृषिपंपांना दिवसा सौर वीज मिळाली की शेतकऱ्याला रात्री-अपरात्री, विंचूकाट्याच्या भयात, पाणी धरण्यासाठी रानात जावे लागत नाही. रात्री पंप चालू ठेवून झोपी जाण्याने होणारी पाण्याची नासाडीही टळते, आणि कोयनेचे पाणी सायंकाळसाठी राखता येते.

पिकाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. पाटाने भिजविलेल्या उसास हेक्टरी वीस हजार घनमीटर वा त्याहून अधिक पाणी लागते, तर रब्बी ज्वारीचे चार ते पाच हजारांत भागते. हे पाणी शंभर मीटर उचलून आणावयाचे झाल्यास उसामागे सुमारे सात हजार युनिटे खर्ची पडतात आणि ज्वारीमागे दीड ते पावणेदोन हजार. उपसा योजनांच्या वीजदेयकाचा मोठा भाग शासन सोसत असल्याने हा फरक शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत पुरता उमटत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत मिळू लागली. शेतकऱ्याचा भार त्यामुळे हलका झाला; परंतु विहिरीतील पाण्याचा जपून वापर करण्यास देयकाचा जो थोडाफार आधार होता, तो आता उरलेला नाही. ठिबकाखालील ऊस हा यावरील व्यवहार्य मार्ग आहे, कारण ऊस सोडा असे सांगून कोणी सोडत नाही. त्याला हमखास गिऱ्हाईक आहे, ज्वारीला नाही.

विजेचे दर विद्युत नियामक आयोग ठरवितो. पाण्याचे ठोक दर २००५ मध्ये स्थापन झालेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरविते. पीक कोणते घ्यावे हे मात्र शेतकरी आणि बाजार ठरवितात. हे तिन्ही निर्णय एकाच पाण्याविषयीचे असले, तरी ते एकत्र बसून घेतले जात नाहीत. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचे सिंचनाचे नियोजन होते आणि कालवा सल्लागार समित्यांच्या बैठकांत आवर्तने ठरतात. त्याच बैठकीत सायंकाळच्या विजेची गरज, उपसा पंपांच्या वेळा आणि लागवडीखालील उसाचे क्षेत्र हे तीन तक्ते शेजारी शेजारी मांडण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही.